तिसरी पिन

हौसरावांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कारेगावच्या वाइंडिंग वर्कशॉपात पहिल्या पाळीची गाडी गाठायची म्हणून लागलेली सवय. नोकरी संपली, सवय राहिली. त्यातून त्या दिवसांत वडगाव रासाईच्या शिवारात थ्री फेज लाईट पहाटे चारलाच येत होती. म्हणजे उठायचं, चप्पल चढवायची, बॅटरी घ्यायची आणि विहिरीवर जाऊन मोटर चालू करायची.

विहिरीवरच्या खांबाला स्टार्टरचा लोखंडी डबा. डब्याच्या कडीला सुतळीनं बांधलेली बाभळीची वीतभर काठी. हिरवं बटण त्या काठीनं दाबायचं, बोटानं नाही. डब्याला करंट उतरतो, हे घरात लहानथोरांना ठाऊक होतं. पहिली काठी हौसरावांच्या वडिलांनी बांधली. ती झिजली, दुसरी आली. काठ्या बदलत गेल्या, डबा तोच.

त्या गुरुवारी त्यांनी बटण दाबलं, पाणी कांद्याच्या वाफ्यात पोचल्याचं पाहिलं आणि तडक गोठ्याशेजारच्या पडवीत आले. चारा मिळेल म्हणून म्हैस उठून उभी राहिली. त्यांचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. पडवीत ताडपत्रीखाली गेमची पेटी उभी होती. आज ती भांडगावला न्यायची होती, आणि त्या काळजीनं त्यांना धड झोप लागली नव्हती.

पुरुषभर उंचीची लाकडी पेटी. वर काचेआड टीव्हीसारखी ट्यूब, मधे दांडा आणि बटणं, खाली नाणं टाकायचा पत्र्याचा दरवाजा. पंचवीस-तीस वर्षांमागं दौंडात स्टेशनजवळच्या एका दुकानात अशा पेट्या होत्या. शाळा सुटली की पोरांची झुंबड उडायची. पुढं दुकान बंद पडलं, पेट्या भंगारात गेल्या. त्यातली ही एक विक्रमशेठनं शोधून काढली. विक्रम भांडगावचा, शाळेला दौंडला. एसटीच्या पैशांचा गेम खेळायचा आणि ट्रकला हात करत घरी यायचा. आता सोलापूर हायवेला त्याचं मिसळीचं मोठं हॉटेल उभं राहिलं होतं. रविवारी उद्घाटन. दारातच ही पेटी चालू पाहिजे, हा त्याचा हट्ट.

हट्ट त्याचा, घोर हौसरावांना. कारण मधे सविता होती.

सविता हौसरावांची लेक, भांडगावात दिलेली. हॉटेलचं बांधकाम निघालं तेव्हापासून ती तिथं झाडलोट आणि फरशी पुसायच्या कामाला. विक्रमनं पेटी चार मेकॅनिकांना दाखवली. पॉवर सप्लाय मेलाय, पेटी शोभेला ठेवा, असं म्हणून चौघांनी हात झटकले. पोछा पिळता पिळता सविता बोलून गेली, "माझं आबा करतील. जलमभर ट्रान्सफॉर्मर बांधल्यात त्यांनी."

विक्रम हसला. "पेटी चालू झाली तर उद्घाटनापासनं तू काउंटरवर. न्हाई झाली तर हायच की आपला पोछा."

म्हणाला थट्टेत, पण सगळ्यांसमोर म्हणाला. सवितानं ते पदराला बांधून ठेवलं आणि फोनवर बापाला सांगितलं. हौसराव म्हणाले, "बघू." ते कुठल्याही कामाला आधी "बघू"च म्हणत. एकदा "बघू" म्हटलं की काम सोडत नसत.

तीन आठवडे ते पेटीशी झटले. मागची फळी काढली तेव्हा आत उंदरांनी पसरलेला कापूस आणि बोटभर धूळ. धूळ त्यांनी रंगाच्या ब्रशनं काढली. फुंकर मारली असती तर ती आणखी आत जाऊन बसली असती. तळाच्या प्लायवर एक चौकोन बाकीच्यापेक्षा उजळ दिसला. चार कोपऱ्यांना स्क्रूची चार भोकं. काहीतरी काढून नेलंय, स्पीकर असेल, असं म्हणून ते पुढं गेले. तिथं त्यांनी थांबायला हवं होतं.

पॉवर सप्लाय म्हणजे चपट्या विटेएवढा पत्र्याचा डबा. घरची लाईट त्यात शिरते आणि गेमच्या बोर्डाला सोसेल इतकी बारीक होऊन बाहेर पडते. त्याच्या फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याची जाड तार पिळून बसवली होती. फ्यूज उडतो म्हणून तार घालायची. तार उडत नाही, मग पुढचं जळतं. आपल्याकडं ही रीतच आहे. आतले दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एक तर फुटून चिकट पाणी बाहेर आलेलं. पेटीच्या वायरीतली हिरवी, म्हणजे अर्थिंगची, तार आतच कापून वर टेप मारलेली, आणि प्लगची तिसरी पिन मोडलेली. हेही नेहमीचंच. घरच्या बोर्डाला दोन भोकं असली की लोक तिसरी पिन मोडून टाकतात.

हौसरावांनी शिरूरहून पार्ट आणले. सोल्डरिंगचे जुने टाके उकलले, नवे घातले. आता जवळचं नीट दिसत नाही, हात पूर्वीसारखा थांबत नाही. एका बैठकीच्या कामाला चार सकाळी लागल्या. टाका वाकडा बसला की तो काढून पुन्हा घालायचा, आणि तोवर चहा नाही.

मग त्यांनी सिरीज बोर्ड जोडला. वाटेत शंभराचा बल्ब घालून लाईट द्यायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि वस्तू वाचते. त्यांची बायको सोजराबाई गोठ्यातलं शेण टाकून चपलांसकट तशाच पडवीत आल्या. हौसरावांनी बटण दाबलं. बल्ब एकदा चमकला आणि मंद झाला. काचेआड हिरवट उजेड आला, मग निळं आभाळ, मग बारकी बारकी विमानं.

"आगं बया! ह्येच्यापायी व्हय तुमी जेवाण सोडलं?"

"सोडलं कवा? उशिरा जेवलो."

"मग ह्यातलं एखादं इमान कांदं काढाया येतंय का बगा."

हसत त्यांनी पत्र्याच्या दरवाजावर हात ठेवला आणि झटक्यात मागं घेतला. "मुंग्या आल्या की हो हाताला!"

हौसरावांनी टेस्टर लावला. टेस्टर पेटला. "आपल्याकडं अर्थिंग न्हाई, म्हणून. हाटेलात तिसरी पिन लावली की जातंय ते."

"तवर चप्पल घालून हात लावायचा म्हंजी झालं," म्हणून सोजराबाई गोठ्यात गेल्या.

हौसराव बोलले खरे, पण कुठंतरी टोचत राहिलं. टेस्टर जरा जास्तच लाल पेटला होता. ती टोचणी गुरुवारच्या पहाटेपर्यंत गेली नव्हती.

छोट्या टेम्पोत पेटी उभी बांधून नेली. वाटेत प्रत्येक गचक्याला हौसराव मागं पेटी कवटाळून बसलेले. हॉटेलात ताज्या रंगाचा वास होता. सविता ओचा खोचून फरशी पुसत होती, अनवाणी. नव्या फरशीवर कामाच्या माणसांच्या चपला नकोत, हा विक्रमचा नियम. पेटी जागेवर उभी राहिली तशी ती जवळ आली. फरशीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे पेटीपर्यंत उमटले. माहेरचं माणूस आल्यासारखं तिनं पेटीच्या काचेवरून फडकं फिरवलं.

"आबा, चालतंय न्हवं?"

"चालतंय. तू लांब हो आधी."

हॉटेलचं वायरिंग नागसेन नावाच्या पोरानं केलं होतं. काम नीट होतं, अर्थिंगचा खड्डा बोअरशेजारी घेतलेला. हौसरावांनी ते स्वतः पाहिलं. मग नवा तीन पिनचा प्लग बसवला, आतली कापलेली हिरवी तार जोडली, स्क्रू आवळला. सिरीज बोर्ड घरी राहिला होता. घरी चाललेली वस्तू, इथं कशाला लागतोय, असं त्यांना वाटलं. वर्कशॉपात हाताखालच्या माणसानं असं केलं असतं तर त्यांनी त्याला बाहेर काढलं असतं.

त्यांनी बटण दाबलं.

आत सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. मागच्या जाळीतून निळा लोळ आला, जळका वास सुटला आणि अख्ख्या हॉलची लाईट गेली.

शिडीवरून रंगारी म्हणाला, "झाला गेम."

कुणी हसलं नाही. नागसेननं बोर्डातली पडलेली एमसीबी वर केली, पेटीत डोकावून पाहिलं आणि हळू म्हणाला, "मामा, घरी दोन पिनवर चालत हुती न्हवं? मग तिसरी काढा की. खाली रबरी मॅट टाकू."

"व्हय, मॅट टाकू," विक्रमनं लगेच धरलं. "भारीतली आणतो. तेवढं दुरुस्त करा आन् द्या चालू करून."

हौसरावांची नजर फरशीवर होती. ओली पावलं अजून वाळली नव्हती. अंगठा थेट पत्र्याच्या दरवाजाकडं.

"न्हाई," ते म्हणाले.

"का न्हाई?"

"कशानं जळली ते कळल्याबिगर न्हाई."

विक्रमचा आवाज चढला. "मामा, रविवारी चार गावची माणसं येणार. दारात मेलेली पेटी दाखवू का त्यास्नी? सविताच्या शब्दावर थांबलो मी. न्हाईतर पुण्यातनं नवी आणली असती."

काउंटरचं नाव त्यानं काढलं नाही. काढायची गरज नव्हती. सविता पोछा पिळत होती, पाणी कधीच संपलं होतं तरी पिळत होती. मग तिनं बापाला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी नेलं.

"आबा, लावा की दोन पिनवर. समद्यांच्या घरी तसंच हाय. आपल्या इहिरीवर काय हाय? काठीच हाय न्हवं?"

हौसरावांनी टाकीचा गळका नळ आवळला.

"मी चप्पल घालीन."

"तुला घालू देत्यात?"

तिनं आपल्या अनवाणी पायांकडं पाहिलं. मग पुटपुटली, "काउंटरवर गेल्यावर मला कुठं फरशी पुसायचीय?"

"मग कोण पुसंल?"

ती आत गेली.

हौसराव पेटीच्या मागं मांडी घालून बसले. तीन आठवडे आपण मेलेला पॉवर सप्लाय जिवंत करत बसलो. तो मेला कशानं, हे विचारलंच नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. वायर हातात धरून ते प्लगपासून एकेक वीत पुढं जात राहिले. ट्यूबकडं जाणाऱ्या दोन तारा तळाजवळ एका जागी उघड्या पिळून जोडल्या होत्या. जोड त्या उजळ चौकोनाच्या बरोबर वर होता.

त्यांनी चौकोनावर पंजा ठेवला. चार भोकं. या मापाचा पाया त्यांच्या हाताखालून आयुष्यभर गेला होता.

तिथं ट्रान्सफॉर्मर होता. अशा पेटीत खांबावरची लाईट सरळ ट्यूबला द्यायची नसते. मधे तांब्याची दोन वेटोळी असतात. एकात लाईट येते, दुसऱ्यातून जाते, आणि दोन्ही एकमेकांना कुठंही शिवत नाहीत. कुणीतरी तो तांब्यासाठी काढून विकला आणि तारा थेट जोडून टाकल्या. तेव्हापासून ट्यूबची चौकट, तिच्यातून गेमचा बोर्ड आणि तिथून पत्र्याचा दरवाजा, सगळंच खांबाला जोडल्यासारखं झालं. अर्थिंग लावलं की धडाका. धडाका नको म्हणून पुढच्यानं हिरवी तार कापली आणि पिन मोडली. आजार तसाच राहिला, बोंब तेवढी बंद झाली. घरी सोजराबाईंच्या पायात चप्पल होती आणि जमीन कोरडी होती, म्हणून मुंग्यांवर भागलं.

हे मनात आलं आणि हौसरावांनी पंजा चौकोनावरून उचलला. आयुष्यभर ट्रान्सफॉर्मर बांधले, आणि त्याची मोकळी जागा ओळखता आली नाही.

ते उठून विक्रमकडं गेले. "शनिवारी दुपारी येतो. ट्रान्सफॉर्मर बांधून आणतो. तोवर पेटीला हात लावू नका."

"आन् न्हाई झाला तर?"

"तर पेटी बंद राहील. सविताला काय सांगायचं ते तुमी सांगा."

नागसेननं दौंडच्या भंगारातून एक जुना स्टॅबिलायझर आणून दिला. हौसरावांना त्यातलं लोखंड हवं होतं, वेटोळं नवं घालायचं होतं. शुक्रवारी मोटर चालू करून आल्या आल्या ते पडवीत बसले. हातानं फिरवायचं वाइंडिंगचं यंत्र त्यांच्याकडं होतं, पण त्याचा वेढे मोजायचा आकडा बंद. शंभर वेढे झाले की एक चिंचोका वाटीत टाकायचा, अशी त्यांची रीत. वेढ्याला वेढा चिकटून, कुठं उडी नाही, कुठं गाठ नाही. पहिलं वेटोळं दुपारी पुरं झालं. दोन्ही वेटोळी शिवू नयेत म्हणून त्यावर कागदाचे थर दिले. दुसरं सुरू केलं.

दुसरं निम्मं झालं आणि त्यांचा हात थांबला. उजेडाला धरून पाहिलं. एका कडेला कागद आखूड पडला होता.

"आता काय?" सोजराबाईंनी विचारलं. त्या ताटली घेऊन उभ्या होत्या.

"कागद उणा हाय."

"केसभर तर हाय. कुणाला दिसतोय?"

"करंटला केसभर पुरतं."

"आवो, पण येवढं समदं सोडणार? उद्या न्यायचं हाय न्हवं?"

हौसरावांनी यंत्राचा दांडा उलटा फिरवायला घेतला. सोजराबाईंनी ताटली झाकली, वाटीतले चिंचोके उचलले आणि पुढ्यात बसल्या. "तुमी बांधा. मी मोजते. मदी खोकू नका."

अंधार पडायच्या आत वेटोळं बांधून झालं. वॉर्निश लावून उलट्या पिंपाखाली बल्बच्या उबेला ठेवलं. वर्कशॉपात त्याला भट्टी होती. इथं पिंप. शनिवारी सकाळपर्यंत पॉवर सप्लायची जळलेली पट्टीही सांधून झाली. वॉर्निश वाळलं का, हे हौसरावांनी इतक्यांदा नखानं पाहिलं की सोजराबाई म्हणाल्या, "बोटं लावून लावून पुसून काढाल."

शनिवारी दुपारी हॉटेलात जुन्या भोकांपैकी दोन जुळली, दोन नवी पाडावी लागली. ट्रान्सफॉर्मर त्या चौकोनावर बसला. उघडा जोड सोडवला, चार तारा जिथल्या तिथं. तिसरी पिन जागेवर. या वेळी सिरीज बोर्ड आणला होता. विक्रम, नागसेन, रंगारी, सगळे हातातलं सोडून उभे होते. सविता दाराच्या चौकटीला धरून. आज ती पुसायचंही विसरली होती.

"मामा, वाजंल का?" नागसेननं विचारलं.

"वाजलं तर कळंल."

बटण दाबलं. बल्ब चमकला. बल्ब मंद झाला, मंदच राहिला. काचेआड निळं आभाळ आलं. रंगाऱ्यानं शिट्टी मारली.

"थांबा," हौसराव म्हणाले.

त्यांनी टेस्टर आधी भिंतीवरच्या बोर्डात घालून पाहिला. पेटला, म्हणजे टेस्टर चांगला. मग पत्र्याच्या दरवाजाला लावला. काळोख. त्यांना तेवढ्यानं भरवसा येईना. सिरीज बोर्ड काढून पेटी थेट लाईटवर घेतली, पुन्हा टेस्टर. पुन्हा काळोख. मग चपला काढल्या. सविताची बादली ओढली आणि पेटीपुढं पाणी ओतलं.

"आवो मामा, नवी फरशी!" विक्रम ओरडला.

"आबा, नका," सविता म्हणाली.

"लांब हो."

ते पाण्यात उभे राहिले. जाणती माणसं हाताची मागची बाजू लावतात. करंट असलाच तर मूठ आवळते ती पत्र्यापासून दूर. त्यांनी मागची बाजू टेकवली. काही नाही. मग तळवा ठेवला. मग दोन्ही तळवे. गरजेपेक्षा जास्त वेळ ते तसेच उभे राहिले.

"काय मामा?" विक्रमनं विचारलं.

"गार हाय."

विक्रमनं पुढं होऊन नाणं टाकलं आणि बघता बघता वाट्याला आलेली तिन्ही विमानं घालवली. "दांडा बदललाय तुमी!" तो म्हणाला.

"दांड्याला हातबी लावला न्हाई," हौसराव म्हणाले, आणि सविता तोंडाला पदर लावून हसली.

रविवारी गर्दी उसळली. सविता काउंटरवर होती, जरीकाठाच्या साडीत, सुट्टे पैसे पुन्हा पुन्हा लावत. हौसराव आणि सोजराबाईंपुढं मिसळ आली. पेटीजवळ कुणाच्यातरी पोरानं ताक सांडलं आणि शीतल नावाची नवी मुलगी पोछा घेऊन धावली. अनवाणी. पुसता पुसता तिनं तोल सावरायला एक ओला हात पत्र्याच्या दरवाजावर टेकवला. हौसरावांच्या हातातला पाव तसाच राहिला. ती उठली, बादली उचलून गेली. मग त्यांनी पाव मोडला.

निघताना सविता दारापर्यंत आली. "आबा, हितलं झालं. काठीचं काय?"

"बघू," ते म्हणाले.

सोमवारी पहाटे चारला त्यांनी मोटर काठीनं चालू केली. उजाडल्यावर लाईट गेली, तसा मुख्य फ्यूज काढून खिशात ठेवला आणि स्टार्टरचा डबा उघडला. आधी आजार शोधला. वायर जिथं डब्यात शिरते तिथं पत्र्याच्या कडेनं तिचं आवरण कातरलं होतं. वडिलांच्या वेळची वायर. ती बदलली, भोकाला रबर बसवलं. मग विहिरीच्या कडेला अर्थिंगचा खड्डा घेतला, मुरूम लागेपर्यंत, स्वतःच्या हातानं. वरून सोजराबाईंनी पाट्या ओढल्या. काठी त्यांनीच सुतळीसकट सोडून चुलीत घातली.

विक्रमशेठनं दिलेलं मजुरीचं पाकीट घेऊन हौसराव शिरूरला गेले. त्या पैशांत खड्ड्यात पुरायची तांब्याची प्लेट आली, कोळसा आणि खडे मीठ आलं, आणि खड्ड्यापासून डब्यापर्यंत पुरेल एवढी पट्टी.